जुन्या पद्मिनीला जुना कार्बोरेटर

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटल्याने तिच्या १०८९ सीसी इंजिनासाठी कार्बोरेटर बहुधा जुन्या बाजारातूनच घ्यावा लागतो. तेथे घासूनपुसून चकचकीत केलेल्या मालाला भाव जास्त मिळतो. पण चकाकीवरून काहीच कळत नाही. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो खिळखिळा असल्यास तेथून जादा हवा शिरते, मिश्रण विरळ होते आणि गाडी उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही. हा दोष स्क्रू फिरवून जात नाही. दांडा व बुश बदलावेच लागतात. जेटवरील आकडे मूळ कार्बोरेटरशी जुळवून घ्यावेत.

बसविताना गॅस्केट नवे घ्यावे. नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी कसल्यास फ्लँज वाकतो.

सर्वाधिक धोका नीडल व्हॉल्व्हचा. तो नीट बंद झाला नाही, तर पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर पडते आणि आग लागू शकते. म्हणून प्रथम इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे बॉनेट उघडे ठेवून गळती पाहावी. अग्निशामक हाताशी असावा. सध्याच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर लवकर खराब होते. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्याही त्याच वेळी बदललेल्या बऱ्या.