कर्ण्यापासूनचे अंतर

वर्गात एकदा अब्दुल करीम खाँ यांची १९०५च्या सुमाराची तबकडी ऐकवली. एका मुलाने विचारले, "एवढे मोठे गवई, आणि आवाज असा डब्यातून आल्यासारखा का?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. पण त्याचे उत्तर खाँसाहेबांच्या गळ्यात नाही, यंत्राच्या इतिहासात आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्या कामात विजेला स्थान नव्हते. गाणाराने कर्ण्यात गावे, कर्ण्याच्या अरुंद टोकाशी असलेला पडदा थरारावा आणि त्याला जोडलेल्या सुईने फिरत्या मेणावर रेषा कोरावी, एवढाच सारा कारभार. आवाज कमीजास्त करण्याची कळ यंत्रात कोठेच नव्हती. कर्ण्यापासूनचे अंतर हीच ती कळ! तारसप्तकात तान गेली की मान मागे घ्यायची, स्वर खाली आला की पुन्हा पुढे व्हायचे. अंदाज चुकला की आवाज फाटे आणि मेण वाया जाई. मंद नाद तर सुईपर्यंत पोचण्यापूर्वीच विरून जात. व्हायोलिन ऐकू येईना, म्हणून त्यालाच धातूचा कर्णा जोडला गेला; ते स्ट्रो व्हायोलिन. अतिखर्ज आणि अतिउच्च नाद कर्णा धरतच नसे. डब्याचा भास होतो तो यामुळे.

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्-पद्धत व्यवहारात आली आणि ही कळ गाणाऱ्याच्या मानेतून तंत्रज्ञाच्या बोटांत गेली. मायक्रोफोनचा क्षीण प्रवाह किती वाढवायचा, हे आता बटण ठरवू लागले. यालाच 'गेन' म्हणतात. १९३९ मध्ये त्यावर नजर ठेवणारा व्हीयू मीटर आला. पण त्याची सुई पूर्ण चढायला सुमारे ०.३ सेकंद लागत. तबल्याची थाप तेवढ्यात उमटून जाई. मीटर समोर असला तरी कान जागा ठेवावाच लागे.

पुढे ट्रॅक वाढले. १९५७ मध्ये लेस पॉल याने अँपेक्सचे आठ ट्रॅकांचे यंत्र घेतले. एका निर्णयाचे आठ निर्णय झाले. आज संगणकावर ट्रॅकांना जवळजवळ अंतच नाही. तबल्याचे दोन, तंबोऱ्याचा एक, गळ्याचा एक, असे एकेक गेन बदलत बसण्यापेक्षा सारे एकत्र निवडून, त्यांच्यातले आपसातले अंतर राखून, एकदम खाली आणणे सोयीचे. बऱ्याच प्रणालींत तशी सोय असते.

पण सोयीने एक भ्रम जन्मतो. चुंबकीय फीत मर्यादा ओलांडली तरी हळूहळू कुरकुरे. अंकांना शून्य डेसिबल ही भिंत आहे. तिच्यावर आदळलेल्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. मग पडद्यावरचा गेन कितीही उतरवा, कापलेला माथा परत येत नाही. उतरवायला हवा होता तो मायक्रोफोन जेथे जोडला त्या यंत्रावरचा गेन, आणि तोही गाणे सुरू होण्यापूर्वी. म्हणून आधी गवयाला त्याची सर्वांत चढी तान घ्यायला सांगावी आणि तीही भिंतीपासून दहाबारा डेसिबल खाली राहील असे पाहावे. २४ बिटांच्या मुद्रणात एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. गैसबर्गपुढे उभे राहणारांना ही चैन नव्हती.

त्या मुलाला मग खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली, विजेवर मुद्रित झालेली तबकडी ऐकवली. तो काही बोलला नाही. पुन्हा लावा, एवढेच म्हणाला. खाँसाहेबांच्या बाबतीत दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून गळा कोणता आणि कर्णा कोणता हे निवडता तरी येते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज ना कर्ण्याने धरला, ना विजेने.