दारू नवऱ्याची, दोष बायकोला?

‘बायको कटकट करते म्हणून तो पितो.’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. एके काळी आम्हा डॉक्टर मंडळींपैकी काही जण हेच शास्त्र म्हणून मांडत होते. १९५०च्या सुमारास अमेरिकेत एक मत बरंच प्रचलित होतं: मद्यपी नवऱ्याच्या बायकोच्या स्वभावातच खोट असते, आणि तिला असाच नवरा हवा असतो!

या मताला धक्का दिला जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी. सिअ‍ॅटल शहरात मद्यपींच्या बायका एकत्र जमत. जॅक्सन त्यांच्या बैठकांना जात राहिल्या, ऐकत राहिल्या. १९५४ साली त्यांनी लिहिलं की हा स्वभावदोष नसून संकटाला दिलेला प्रतिसाद आहे. सुरुवातीला बायको पिणं नाकारते, लपवते. मग त्याला आवरायला बघते. ते जमत नाही तेव्हा खचते, आणि शेवटी घराचा सगळा कारभार स्वतःवर घेते. म्हणजे आधी दारू, नंतर कटकट.

बायकांनी मात्र शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ १९३५ साली सुरू झालं. नवऱ्यांच्या बैठका चालत तेव्हा बायका आपसांत बोलू लागल्या. संस्थापक बिल विल्सन यांची दारू सुटली, पण त्यांच्या पत्नी लोइस यांनी एकदा संतापून त्यांच्या दिशेने बूट भिरकावला. नवरा सुधारला, मग एवढा राग कसला? या प्रश्नातून त्यांना उमगलं की सावरण्याची गरज आपल्यालाही आहे. १९५१ साली त्यांनी विखुरलेले गट जोडले. तेच ‘अल-अनॉन’.

मुलांची पाळी सर्वांत शेवटी आली. १९५७ साली कॅलिफोर्नियात सतरा वर्षांच्या एका मुलाच्या पुढाकाराने ‘अलाटीन’ सुरू झालं. कॅनडात मार्गारेट कॉर्क यांनी ११५ मुलांशी बोलून १९६९ मध्ये पुस्तक लिहिलं. बहुतेक मुलांना पिण्यापेक्षा घरातली भांडणं जास्त छळत होती. ‘दारू बंद झाली की मूल आपोआप ठीक होईल’ असं समजणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो.

तुमच्या घरात असं मूल असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत सांगा: बाबांच्या पिण्याला तू कारण नाहीस, आणि ते थांबवणं हे तुझं काम नाही. लहान मुलं हे स्वतःहून विचारत नाहीत, मनातल्या मनात दोष घेत राहतात. मारहाण होत असेल तर आधी मुलाला घेऊन सुरक्षित ठिकाणी जा. व्यसनी माणूस उपचाराला तयार नसला, तरी तुम्ही एकट्याने समुपदेशकाकडे जाऊ शकता. सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक घरच्यांसाठीही आहे.