१९८५ सालच्या दोन सुरुवाती

वाळूजकरांनो, १९८५ म्हटलं की आपल्याला बजाजचा कारखाना आठवतो. त्याच साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. चाळीस वर्षं झाली, पण या आजाराचं नाव आपल्याकडे आजही फारसं कुणी ऐकलेलं नाही.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करते. वायरीचं इन्सुलेशन गेल्यावर होतं, तसंच. एका डोळ्याला अंधुक दिसतं, पाय बधिर होतात, तोल जातो. काही आठवड्यांत बरं वाटतं आणि घात तिथंच होतो. 'अशक्तपणा होता' म्हणून माणूस पुन्हा शिफ्टला जातो. आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांना जास्त.

पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ मध्येच या आजाराचं नीट वर्णन केलं. आपल्याकडे मात्र तो गोऱ्यांचा आजार समजला गेला. १९८० च्या दशकात मुंबईत डॉ. नोशीर वाडियांसारख्या न्यूरॉलॉजिस्टांनी पारशी समाजाचा अभ्यास केला, तेव्हा तिथं तो चांगलाच आढळला. पुढे एमआरआय आलं आणि इतर समाजांतलेही रुग्ण सापडू लागले. आजार होताच, तपासणी नव्हती.

१९९३ पर्यंत झटका आला की स्टिरॉइड, एवढाच इलाज. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉनला मंजुरी मिळाली. २०१० मध्ये गोळी आली. आता औषधं बरीच आहेत. समूळ बरा करणारं एकही नाही, पण लवकर सुरू केली तर झटके कमी होतात, अपंगत्व लांबतं. बरीचशी औषधं महाग. म्हणून आपल्याकडे डॉक्टर अनेकदा कॅन्सरवरचं, त्यामानानं स्वस्त रिटुक्सिमॅब वापरतात.

१९९५ च्या अपंग कायद्यात एमएसचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये ते आलं. पण नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येणार नाही, हे कलम फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. आपल्या एमआयडीसीत सगळे खासगी कारखाने! त्यात उष्णतेनं एमएसची लक्षणं वाढतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लाईनवर उभ्या असलेल्या पोरानं काय करायचं?

कायद्यात नाव यायला ३१ वर्षं लागली. कारखान्याच्या गेटच्या आत संरक्षण यायला किती लागणार, हे युनियनवाल्यांनी आणि आमदार-खासदारांनी सांगावं. तोवर एवढं करा: अचानक एका डोळ्याला अंधुक दिसलं किंवा हातपाय बधिर झाले, तर बरं वाटलं तरी न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच.