फरक्का: पाणी वाटलं, नदी राहूनच गेली

कालव्याच्या पाळीवरून भावाभावांत डोकी फुटलेली आपण गावोगाव बघतो. अशीच पाळी दोन देशांतही लागते. गंगेवर, पश्चिम बंगालमधल्या फरक्क्याला.

मूळ कारण कलकत्ता बंदर. काही शतकांपूर्वी गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे सरकला आणि आजच्या बांगलादेशात पद्मा झाला. कलकत्त्याची हुगळी गाळाने भरू लागली, जहाजं अडू लागली. म्हणून १९७५ मध्ये सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा सुरू झाला. कालव्यातून ४० हजार क्युसेक पाणी हुगळीकडे वळवायचं, गाळ धुऊन निघेल, असा हिशेब होता. बंगालचेच अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी आधीच विरोध केला होता. ऐकलं कोणी?

बंधाऱ्यापासून सीमा जेमतेम १८ किलोमीटर. १६ मे १९७६ ला वृद्ध मौलाना भाशानी हजारो लोकांना घेऊन राजशाहीहून फरक्क्याच्या दिशेने चालत निघाले.

१२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी करार केला. जानेवारी ते मे या काळात फरक्क्याला ७० हजार क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मं-निम्मं. ऐन उन्हाळ्यात, ११ मार्च ते १० मे, दहा-दहा दिवसांच्या पाळीने एकेका देशाला ३५ हजार क्युसेकची हमी.

वाटणी झाली, पण फक्त पाण्याची. नदी म्हणजे गाळही, मासेही. हिल्सा मासा समुद्रातून अंडी घालायला पार अलाहाबादपर्यंत चढायचा, त्याची वाट अडली. बंधाऱ्याच्या वर गाळ साचला. मालदा-मुर्शिदाबादकडे नदी घरं-शेतं गिळते आहे. २०१६ च्या पुरात नितीश कुमारांनी बंधाराच काढून टाकायची मागणी केली. तिकडे बांगलादेशात गोराई नदी उन्हाळ्यात आटते. गोडं पाणी कमी पडलं की खारं पाणी आत शिरतं, आणि ज्या झाडावरून सुंदरबनाचं नाव पडलं म्हणतात ते सुंदरीच शेंड्यापासून वाळतं.

आणि हुगळीतला गाळ? तो आजही ड्रेझर लावूनच काढावा लागतो.

कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. पुढच्या करारात क्युसेकच्या शेजारी गाळ, मासे आणि खाऱ्या पाण्याचाही रकाना हवा. नाहीतर दोन्ही देश पाळी मोजत बसतील आणि नदी हातची जाईल.

तुम्हाला काय वाटतं?