खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडी सुजतच चालली तर

घरातली दादी किंवा नानी बाथरूममध्ये घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि दोन-चार दिवसांत ‘रॉड टाकला’ अशी खबर नातेवाइकांत फिरते. या ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊ शकते, चालायला वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक असते. रक्तवाहिनीलाही इजा होऊ शकते, हे मात्र फार कमी घरांना माहीत असते. असे क्वचितच घडते, शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत. पण ते उशिरा लक्षात आले तर पाय आणि जीव दोन्ही धोक्यात येतात, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

जांघेत बोट ठेवले की ठोका लागतो, ती पायाची मुख्य धमनी. तिची एक मोठी फांदी तिथून मांडीत खोल उतरते. डॉक्टर तिला ‘प्रोफंडा फिमोरिस’ म्हणतात. ती मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला, हाडाजवळूनच जाते. सर्जन काम करतो बाहेरच्या बाजूने. रॉड किंवा प्लेट पक्की करायला हाडात बाहेरून आत आरपार भोक पाडावे लागते. ड्रिलचे टोक पलीकडे जरा जास्त गेले किंवा स्क्रू लांब पडला, तर समोर हीच धमनी असते. कधी ड्रिलचा काही संबंधच नसतो. मोडलेल्या हाडाचा टोकदार तुकडा आतल्या बाजूला सरकतो, धमनीला घासत राहतो आणि काही आठवड्यांनी तिला भोक पडते. म्हणून इजा झाली की डॉक्टरांनी हलगर्जीपणाच केला, असे लगेच धरून चालू नये.

ऑपरेशननंतर पाय थंडगार, फिका, बधिर पडला आणि पावलावर ठोका लागेना, तर त्याच मिनिटाला नर्सला बोलवा. पायाचा रक्तपुरवठा साधारण सहा तासांत सुरू व्हावा लागतो.

फसवणारा प्रकार दुसराच. धमनीला बारीक भोक पडते, रक्त स्नायूंत झिरपत राहते आणि तिथे रक्ताचा फुगा तयार होतो. याला ‘स्यूडोॲन्युरिझम’ म्हणतात. तो काही दिवसांनी, आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही लक्षात येतो. मांडीत लिटरभराहून जास्त रक्त साठू शकते आणि बाहेर एक थेंब दिसत नाही! टाके कोरडे, ड्रेसिंग स्वच्छ, पण मांडी फुगत चाललेली, दुखणे वाढलेले, आणि रक्त चढवूनही हिमोग्लोबिन पुन्हा उतरलेले. कधी सुजेवर हात ठेवला तर धडधड जाणवते.

ऑपरेशननंतर थोडी सूज आणि गुडघ्यापर्यंत काळे-निळे डाग येतातच, त्याला घाबरू नये. प्रश्न सूज वाढते की उतरते याचा आहे. आमचे म्हणणे असे की घरात शिवणकामाची टेप असतेच. मांडीवर पेनाने खूण करा, रोज त्याच जागी माप घ्या आणि वहीत लिहा. “अम्मीची मांडी चार दिवसांत तीन सेंटिमीटर वाढली,” असे सांगितले की डॉक्टरही थांबून ऐकतात.

आणखी एक घोळ होतो. शिरेत रक्ताची गाठ झाली तरी पाय असाच सुजतो आणि त्यासाठी रक्त पातळ करणारे औषध देतात. धमनीतून रक्त गळत असताना त्या औषधाने गळती वाढते. म्हणून असे औषध सुरू करताना किंवा वाढवताना “डॉप्लर सोनोग्राफी झाली का? धमनी तपासली का?” एवढे जरूर विचारा. आधीपासून चालू असलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

डॉप्लरमध्ये शंका आली तर सीटी अँजिओग्राफी करतात. त्यात गळती नेमकी कुठे आहे ते दिसते. पुष्कळदा पुन्हा मोठी चिरफाड लागत नाही. जांघेतून किंवा हातातून बारीक नळी घालून कॉइलने ती फांदी बंद करतात, किंवा आतून आवरण असलेला स्टेंट बसवतात. फुगा फार मोठा असेल किंवा मुख्य धमनीच फाटली असेल, तर उघडे ऑपरेशन करावे लागते. ही सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितले तर ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र घालवू नये. निघताना पहिल्या ऑपरेशनचे कागद, एक्स-रे आणि मापाची ती वही सोबत घ्यावी.