खिचडी : पदार्थाचे नाव सरमिसळीला कसे मिळाले?

डाळ-तांदूळ एकत्र शिजवून केलेला पदार्थ म्हणजे खिचडी. याच शब्दाचा दुसरा अर्थ सरमिसळ. अनेक पक्षांचे ‘खिचडी सरकार’, दोन भाषांची खिचडी, डोक्यातली विचारांची खिचडी हे प्रयोग त्यातूनच आले.

पदार्थ जुना आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मूग-तांदळाची, तूप घालून खाल्ली जाणारी ‘किशरी’ नोंदवली. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला राहिला. त्याच्या प्रवासवर्णनात घोड्यांनाही खिचडी शिजवून घालत असल्याचा उल्लेख आहे.

अर्थ कसा पसरला, हे मावळातल्या पातेल्यात दिसते. इथला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात विकसित झाला. तो सुवासिक आणि चिकट. त्याची खिचडी मऊ शिजली की शीत कुठले आणि डाळ कुठली, हे सांगता येत नाही. मिसळीत मटकी, फरसाण, कांदा वेगवेगळे लागतात. खिचडीत प्रत्येकाचे वेगळेपण संपते. म्हणूनच जिथे काही निवडून वेगळे काढता येत नाही, तिथे ‘खिचडी’ म्हणतात आणि त्यात बहुधा तक्रारीचा सूर असतो.

असे इतरत्रही घडले. ‘ओया पोद्रिदा’ हे स्पेनमधले मांस-भाज्यांचे कालवण. फ्रेंचांनी त्याच्या नावाचे शब्दशः भाषांतर ‘पोपुरी’ असे केले. पुढे पोपुरी म्हणजे गाण्यांची किंवा लेखांची सरमिसळ झाली.

स्वयंपाकघरात मात्र हेच एकजीव होणे खिचडीचा गुण ठरते. आजाऱ्याला पहिल्यांदा देतात ती मऊ खिचडीच.