निळ्या पडद्याचे बिऱ्हाड

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, बखरी आणि तहनामे उभे राहतात. जिला अजून अर्धे शतकही झालेले नाही आणि जिचे साक्षीदार तुमच्या-आमच्या घरी बसून चकल्या खात आहेत, अशा गोष्टीला इतिहास म्हणावे काय, असे एखादा चोखंदळ वाचक विचारील. परंतु संगणकाच्या दुनियेत काळ असा धावतो की तिथे वीस वर्षांपूर्वीची वस्तूही पुराणवस्तू ठरते. घरातल्या चाळिशीपुढच्या एखाद्या इंजिनियराला नुसते 'टर्बो सी' म्हणून पाहावे. त्याच्या डोळ्यांपुढे एक निळा पडदा आणि त्यावरची पिवळी-पांढरी अक्षरे तत्काळ उभी राहतील.

त्या निळ्या पडद्याची ही हकीकत आहे.

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला समजेल अशा आकड्यांत उतरवून देणारा जो दुभाषा, त्याला कंपायलर म्हणतात. १९८० च्या सुमारास चांगला दुभाषा विकत घ्यायचा तर शेकडो डॉलर मोजावे लागत. १९८३ मध्ये फिलीप कान या फ्रेंच गृहस्थाच्या कॅलिफोर्नियातील बोरलँड कंपनीने 'टर्बो पास्कल' बाजारात आणले. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. त्याचा कर्ता आंदर्स हेल्सबर्ग हा डेन्मार्कचा तरुण. लिहिण्याची पाटी आणि दुभाषा त्याने एकाच जागी बसवले. चूक झाली की कर्सर थेट त्या ओळीवर जाऊन उभा राही. आज याचे कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी ती चैन होती. १९८७ मध्ये याच घराण्यात टर्बो सी जन्माला आले आणि १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस. त्याची तिसरी आवृत्ती आपल्याकडे अशी काही रुजली की महाराष्ट्रातल्या बारावीच्या प्रात्यक्षिकापासून इंजिनियरिंगच्या तोंडी परीक्षेपर्यंत तिचेच राज्य चालले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक आणि टर्बो सी ही जोडी म्हणजे एका पिढीचे अंकलिपी आणि पाटी.

हे बिऱ्हाड ज्या वाड्यात थाटले होते त्याचा कारभारी म्हणजे डॉस. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला मी कारभारी म्हणतो. कारण कोणी कोठे राहावे, कोणाला किती जागा द्यावी, हे ती पाहते. डॉस हा कारभारी मोठा ढिला. भाडेकरू सरळ माजघरात शिरला तरी तो हूं की चूं करीत नसे. पडद्यावर अक्षर उमटवायचे तर आज्ञावली थेट पडद्याच्या स्मृतीत हात घाली; विद्यार्थ्यांना हे धाडस मोठ्या कौतुकाने शिकवलेही जाई.

पुढे कारभारी बदलले. २००१ चा विंडोज एक्सपी हा कडक शिस्तीचा. माजघरात कोणी पाऊल टाकायचे नाही, हवे ते दारातून मागायचे. तथापि त्याने जुन्या भाडेकरूंसाठी परसात एक खोली राखली होती. तिथे डॉसचा देखावा उभा केलेला असे. इंटेलच्या १९८५ च्या ३८६ या प्रोसेसरातच जुन्या ८०८६ चे सोंग घेण्याची एक सोय होती. तिच्या आधाराने ती खोली उभी होती. टर्बो सी त्या खोलीत सुखाने नांदले, आणि कारभारी बदलल्याचे पुष्कळ प्राध्यापकांना जाणवलेही नाही.

जाणवले ते २००७ च्या विस्ताने आणि २००९ च्या विंडोज सेव्हनने. प्रयोगशाळेत नवे संगणक यावेत, जुन्या यंत्रावरून 'टीसी' नावाची पेटी जशीच्या तशी उचलून नव्यावर ठेवावी, चिन्हावर टिचकी मारावी, आणि पडद्यावर उत्तर यावे की या यंत्रणेत पूर्ण पडद्याची सोय नाही, बंद करा. पुष्कळांनी याचा अर्थ 'पेटीला विषाणू लागला' असा केला आणि पेटी पुन्हा पुन्हा उतरवून घेतली. पेटीत बिघाड काहीच नव्हता. चित्रे काढणाऱ्या भागाची रचनाच नव्या विंडोजमध्ये बदलली होती आणि डॉसच्या आज्ञावल्यांना सबंध पडदा देण्याची रीत तिच्यात उरली नव्हती.

त्यातूनही चित्राचा जुना ड्रायव्हर बसवून कोणी वाट काढी. परंतु चौसष्ट बिटांची विंडोज आली तेव्हा ती परसातली खोलीच पाडण्यात आली. यात दोष द्यायचा तर कोणाला? प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या चालीने चालू लागला की ते जुने ८०८६ चे सोंग त्याला घेताच येत नाही. सोळा बिटांच्या टर्बो सीला तिथे उभे राहायला भुईच नव्हती.

अशा वेळी सुटका कोठून व्हावी? खेळणाऱ्या पोरांकडून! डॉसबॉक्स नावाची एक आज्ञावली २००२ पासून उपलब्ध होती. नेदरलँड्समधल्या दोघांनी ती रचली, ती डॉसचे जुने खेळ नव्या संगणकावर खेळता यावेत म्हणून. तिने प्रोसेसराच्या सोंगाची वाट पाहिली नाही. सबंध जुना संगणकच, प्रोसेसरासकट, आज्ञावलीच्या रूपाने पुन्हा बांधला. आपल्याकडच्या कोणा खटपट्या मंडळींनी टर्बो सी त्यात बसवून तयार गाठोडी वाटली, आणि निळा पडदा पुन्हा उजळला.

मात्र नव्या घराचे रीतिरिवाज निराळे. आधी 'माउंट' म्हणून आपली पेटी कोठे आहे हे डॉसबॉक्सला सांगावे लागे. ते साधले तरी 'एसटीडीआयओ डॉट एच उघडता येत नाही' अशी तक्रार येई. 'ऑप्शन्स' खालच्या 'डिरेक्टरीज' मध्ये जुन्या यंत्रावरचा पत्ता तसाच राहिलेला असे. आणि सर्वांत मोठी फजिती कंट्रोल व एफ-नऊ या जोडीची. टर्बो सीमध्ये हिचा अर्थ 'आज्ञावली चालव'. डॉसबॉक्समध्ये हिचाच अर्थ 'तत्काळ गाशा गुंडाळ'. तासभर खपून लिहिलेली आज्ञावली चालवायला मुलाने बोटे टेकवावीत आणि खिडकीच नाहीशी व्हावी! त्याने बिचाऱ्याने शिकवल्याप्रमाणेच केले होते. कंट्रोल व एफ-वन दाबून कळांचा अर्थ बदलता येतो, किंवा 'रन' हे वरच्या यादीतून निवडता येते, हे ज्याला ठाऊक असे तो त्या दिवशी वर्गाचा तारणहार ठरे.

ही सारी खटपट पाहून मला कौतुक वाटते आणि रागही येतो. ज्या वर्षी टर्बो सी निघाले त्याच १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर जगाला खुला केला. तो विनामूल्य होता आणि प्रत्येक नव्या कारभाऱ्याशी जुळवून घेत तो आजही चालू आहे. सी प्लस प्लसचे व्याकरण १९९८ मध्ये ठरले. टर्बो सी त्याआधीचे. त्यामुळे त्यातली 'आयओस्ट्रीम डॉट एच' सारखी रूपे त्या व्याकरणात बसत नाहीत. मुलगा नोकरीला लागला की आपण शिकलेली भाषा बोलीभाषा होती, हे त्याला प्रथम कळे. अभ्यासक्रम बदलायला समित्या लागतात. जुना वाडा नव्या वाड्यात बांधायला एक दुपार पुरते. आपण दुपार निवडली. तरी हेही खरे की तालुक्याच्या गावातल्या ज्या मुलापाशी इंटरनेट नव्हते, त्याला एका पेनड्राइव्हवर मावणाऱ्या याच पेटीने धंद्याचे पहिले धडे दिले.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास असे: 'इंट' किती बाइटांचा? उत्तर: दोन. म्हणजे त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. नव्या कंपायलरांत तो सहसा चार बाइटांचा असतो. सात फॅक्टोरियल ५०४०, तोवर दोघांचे पटते. आठ फॅक्टोरियल काढायची तीच आज्ञावली आजच्या एखाद्या लॅपटॉपवर डॉसबॉक्सच्या निळ्या पडद्यात चालवावी. उत्तर येते उणे २५२१६. शेजारच्या खिडकीत जीसीसीकडून चालवावी, ४०३२०. तोंडी परीक्षेच्या टेबलापाशी मात्र 'चार' म्हणणाऱ्या मुलाचा गुण कापला जाई.